पेपरातले प्रशासन, दप्तरातले प्रशासन

धुळ्याहून शिरपूरकडे जाताना नरडाणा लागते. शिंदखेडा तालुक्यातले हे गाव नकाशावर लहान असले, तरी सरकार किती प्रकारचे असते हे पाहायला इतकी सोयीची जागा खानदेशात सहजी सापडणार नाही. मुंबई-आग्रा महामार्ग केंद्राचा. सुरत-भुसावळ मार्गावरचे स्टेशन पश्चिम रेल्वेचे. औद्योगिक वसाहत एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या महामंडळाची. पोलीस ठाणे गृहखात्याचे, सातबारा महसूलचा, मराठी शाळा जिल्हा परिषदेची, घरपट्टी ग्रामपंचायतीची. शेतकऱ्याला एका हंगामात यातल्या तीन-चार दारांवर जावेच लागते. प्रत्येक दाराचा कायदा वेगळा, साहेब वेगळे आणि ‘उद्या या’ म्हणण्याची तऱ्हाही वेगळी.

या पट्ट्यातली मुले जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली शिकतात. हे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झाले. त्याआधी खानदेशच्या पदव्यांवर पुण्याचा शिक्का असे. कला शाखेत राज्यशास्त्र घेणाऱ्याला दोन गोष्टी हमखास भेटतात. एक लोकप्रशासन, दुसरी तुलनात्मक शासनाच्या पेपरातली अमेरिका. दोन्हींची नाळ एकच आहे, पण शिकवताना ती तुटलेली असते. या अभ्यासाचा आजवरचा प्रवास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. अमेरिकेने हा विषय गावोगावच्या जमाखर्चाच्या वह्या तपासून उभा केला. आपण त्यातून निघालेले सिद्धांत पाठ केले आणि वह्या मात्र बांधून ठेवल्या.

नोकरीच्या भांडणातून निघालेला विषय

१८२९ साली अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाले, तेव्हापासून अमेरिकेत निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांत वाटायची रीत पक्की झाली. आपली पाठ्यपुस्तके तिला ‘लूट पद्धती’ म्हणतात. २ जुलै १८८१ रोजी, हवे ते पद न मिळालेल्या चार्ल्स गिटो याने अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरात गारफील्ड वारले. देश हादरला आणि १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा झाला. काही सरकारी पदांवर तरी गुणवत्तेने, परीक्षा घेऊन माणसे नेमायची, असे ठरले. स्पर्धा परीक्षेची ही कल्पना सुधारकांनी ब्रिटनकडून घेतली होती, आणि ब्रिटनने तिचा प्रयोग आधी हिंदुस्थानच्या सनदी सेवेवर केला होता; त्या सेवेची पहिली खुली परीक्षा लंडनला १८५५ मध्ये झाली. स्पर्धा परीक्षेचे वेड आपल्याकडे आजचे नाही, ते असे.

या पार्श्वभूमीवर १८८७ मध्ये वुड्रो विल्सन या तिशीतल्या प्राध्यापकाने प्रशासनाच्या अभ्यासावर तो प्रसिद्ध निबंध लिहिला. राज्यघटना लिहिण्यापेक्षा ती चालवणे अवघड होत चालले आहे आणि म्हणून कारभाराचाही शास्त्र म्हणून अभ्यास व्हावा, हे त्याचे सार. हाच प्राध्यापक १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्या वर्गात विल्सनचे नाव आणि १८८७ हे साल एका गुणाचे उत्तर म्हणून उरते. त्यामागचा गोळीबार आणि नोकऱ्यांचा बाजार कोणी सांगत नाही.

त्याहून महत्त्वाचा आणि त्याहून कमी सांगितला जाणारा टप्पा पुढचा. न्यूयॉर्कमध्ये १९०६-०७ च्या सुमारास नगर कारभाराच्या संशोधनाची एक खासगी संस्था उभी राहिली. तिच्या माणसांनी भाषणे केली नाहीत. पालिकेची बिले, खरेदीच्या पावत्या, रस्तेदुरुस्तीचे हिशेब तपासले. मॅनहॅटनच्या कारभारावरच्या त्यांच्या अहवालाने इतके बिंग फुटले की तिथल्या प्रमुखाला शेवटी पद सोडावे लागले. या संस्थेने १९११ मध्ये प्रशिक्षण शाळा काढली, आणि ती पुढे १९२४ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातल्या मॅक्सवेल स्कूलमध्ये गेली. अमेरिकेतल्या लोकप्रशासनाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा उगम असा नगरपालिकेच्या बिलांत आहे.

हर्बर्ट सायमन यांची गोष्टही तशीच. ‘मर्यादित विवेक’ हा त्यांचा सिद्धांत आपल्याकडे पाच ओळींच्या टिपेत संपतो. मिलवॉकी शहरात मुलांची खेळाची मैदाने शाळा मंडळ आणि महापालिका मिळून चालवत. पैसा मैदानाच्या डागडुजीवर घालायचा की खेळ घेणाऱ्या शिक्षकांवर, यावर दोघांचे जमत नव्हते. विद्यार्थिदशेत सायमन यांनी हा वाद जवळून अभ्यासला. दोन्ही बाजूंची माणसे शहाणी, तरी प्रत्येकाला आपल्या खात्याच्या खिडकीतून दिसेल तेवढेच दिसते, हे तिथे त्यांच्या लक्षात आले. त्यातून १९४७ चा ग्रंथ उभा राहिला आणि १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेलही.

मराठीत अमेरिका आधीच आली होती

अमेरिकेचे शासन आपल्याला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने दाखवले, हा समज खरा नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे तो देश पाहत हिंडल्या. १८८९ मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात तिथल्या राज्यपद्धतीवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि बायकांच्या स्थितीचाही हिशेब आहे. तिथल्या स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० उजाडले, हे लक्षात घेतले की रमाबाईंची नजर किती पुढची होती ते कळते. अमेरिकेच्या शासनावरचे मराठी वाचन कुठून सुरू करावे असे कोणी विचारले, तर पुस्तक हेच. पेपराच्या संदर्भयादीत ते क्वचितच दिसते. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन निघाले, कोशाचे अवाढव्य काम त्यानंतरचे.

मग डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ च्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन आणि अर्थकारण. पुढचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला, आणि त्यामागे प्राध्यापक सेलिग्मन यांचे मार्गदर्शन होते. शुद्ध लोकप्रशासनाचे विषय हे. मुलांना बाबासाहेब घटनाकार म्हणून माहीत असतात, प्रशासनाचे अभ्यासक म्हणून नसतात.

४ नोव्हेंबर १९४८ चे त्यांचे संविधान सभेतले भाषण तुलनात्मक शासनाचा उत्तम पाठ आहे. अध्यक्षीय पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते. आपण रोजच्या रोज हिशेब मागता येणारी पद्धत निवडली, असे त्यांनी तिथे मांडले. त्याच भाषणात त्यांनी एक धोकाही सांगितला. घटनेचा एक शब्दही न बदलता, नुसता कारभाराचा ढंग बदलून तिचा आत्मा बिघडवता येतो. म्हणून प्रशासनाचे तपशील घटनेत घातले. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या १९३७ मधल्या मुक्कामाच्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला यात्रा भरते आणि खानदेशभरातून माणसे लोटतात. त्या भाषणातला हा एक मुद्दा महाविद्यालयांनी त्या निमित्ताने वर्गात नीट वाचून घेतला, तरी पेपराचे अर्धे काम होईल.

खानदेशच्या स्वतःच्या कारभाराचा इतिहासही पुस्तकाबाहेर राहिला आहे. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या हाती होता. १८५२ मध्ये जमिनीच्या नव्या मोजणीला सावदा, फैजपूर, एरंडोल भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि तो मोडायला सरकारला फौज आणावी लागली. सरकारी मोजणीवर रयतेचा विश्वास का बसत नाही, या प्रश्नाला इथे पावणेदोनशे वर्षांचे वय आहे.

दिल्लीचे पाहुणे, नागपूरचा विभाग, नाईकांचा अहवाल

स्वातंत्र्यानंतर विषयाला विद्यापीठात जागा मिळाली. लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्याचा स्वतंत्र विभाग देशात सर्वप्रथम नागपूर विद्यापीठाने १९४९-५० च्या सुमारास काढला. थोड्याच दिवसांनी मॅक्सवेल स्कूलचे अधिष्ठाता पॉल अ‍ॅपलबी फोर्ड फाउंडेशनतर्फे सल्लागार म्हणून दिल्लीत आले. त्यांचा अहवाल १९५३ चा. त्याच्या शिफारशीतून १९५४ मध्ये दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. पुढे फ्रेड रिग्ज यांच्यासारख्यांनी विकसनशील देशांच्या कारभाराचे नमुने मांडले. अमेरिकी पुस्तके, अमेरिकी अभ्यासवृत्त्या आणि अमेरिकी परिभाषा यांच्या आधाराने आपले अभ्यासक्रम बेतले गेले.

महाराष्ट्राने मात्र प्रत्यक्षात स्वतःच्या डोक्याने एक मोठा प्रयोग केला. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीला बळ द्यायला आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे ठेवायला सांगितले होते. वसंतराव नाईक समितीने मार्च १९६१ च्या अहवालात उलट मत दिले. जिल्हा परिषद हेच मुख्य केंद्र, आणि जिल्हाधिकारी तिच्या बाहेर. त्यावर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. लोकनियुक्त सत्ता आणि सनदी अधिकारी यांच्यात रेघ कुठे ओढायची, हा विल्सनचाच प्रश्न. नाईक समितीने त्याला मराठी मातीतले उत्तर दिले. परीक्षेत मात्र ‘नाईक समितीच्या शिफारशी’ एवढीच त्याची ओळख.

परीक्षा जिंकली, विषय हरला

१९८७ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने नागरी सेवा परीक्षेत लोकप्रशासन हा स्वतंत्र वैकल्पिक विषय केला. अभ्यासक्रम आटोपशीर, सामान्य अध्ययनाला उपयोगी, म्हणून तो झपाट्याने लोकप्रिय झाला. २०१३ मध्ये दोनऐवजी एकच वैकल्पिक विषय राहिला आणि ओढा बदलला. राज्य सेवेच्या मुख्य परीक्षेत २०१२ पासून वस्तुनिष्ठ प्रश्न आले. आता २०२५ पासून पुन्हा वर्णनात्मक पद्धत आणि वैकल्पिक विषय आले आहेत, त्यात लोकप्रशासनही आहे. दर बदलाबरोबर अभ्यासिकांतली पुस्तके बदलतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा विषय मराठीतून घरपोच देते आणि नोकरी करत शिकणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. पण तिथेही मुलाचे डोळे आयोगाच्या जाहिरातीकडेच.

हे वाईट म्हणता येणार नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत चार हजारांवर जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. खानदेशात कोरडवाहू शेतीच्या जोरावर घर चालत नाही, तिथे सरकारी नोकरीची आस धरणाऱ्याला नावे ठेवणे सोपे. मुद्दा वेगळा आहे. परीक्षेला हवे असते ठाम, छोटे, तपासता येणारे उत्तर. प्रशासन म्हणजे मात्र अर्धवट माहितीवर घेतलेले निर्णय, दोन नियमांची टक्कर आणि तिसऱ्याच माणसाची सही. विषयाचा हा जिवंत भाग परीक्षेच्या चाळणीतून खाली पडतो.

अमेरिकेचे अर्धे चित्र

अमेरिकेच्या प्रकरणाचेही तेच. प्रतिनिधीगृह ४३५, सिनेट १००, निर्वाचक मंडळ ५३८, बहुमत २७०. सत्ताविभाजन, नियंत्रण आणि समतोल, १८०३ चा मार्बरी खटला. हे आले की अमेरिका आली. सुटते ते खालचे सरकार. त्या देशात सुमारे ९० हजार स्थानिक शासनसंस्था आहेत आणि बहुतेक ठिकाणी शेरीफ, करमूल्य ठरवणारा अधिकारी, शाळा मंडळाचे सदस्य लोक निवडतात. आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा, वरून नेमलेला आणि जिल्ह्याची चावी हाती असलेला माणूस तिथे नाही. नरडाण्याच्या मुलाला अध्यक्षाच्या महाभियोगापेक्षा हा फरक जास्त बोलका वाटेल. मास्तरांची बदली गावच्या मतावर ठरली असती तर शाळा सुधारली असती की गटबाजीत बुडाली असती? तुलनात्मक शासनाचा याहून चांगला प्रश्न कुठला?

पुस्तकात थिजलेल्या गोष्टी तिकडे हलत आहेत, हेही मुलांपर्यंत पोचत नाही. लूट पद्धती १८८३ मध्ये संपली असे आपण लिहितो. ऑक्टोबर २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी धोरणविषयक पदांवरच्या हजारो कायम कर्मचाऱ्यांचे संरक्षण काढता येईल असा आदेश काढला. जो बायडेन यांनी तो २०२१ मध्ये रद्द केला, आणि ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा आणला. म्हणजे गारफील्डच्या काळातले भांडण अजून मिटलेले नाही. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मध्ये खर्चाच्या विधेयकावरून तिथले सरकार अंशतः ३५ दिवस बंद पडले होते. आपल्याकडे लोकसभेचा विश्वास गेला तर मंत्रिमंडळ जाते, खर्चासाठी लेखानुदान असते, कचेऱ्यांना टाळे लागत नाही. बाबासाहेबांच्या स्थैर्य आणि जबाबदारीच्या मुद्द्याला जोडून हे शिकवले तर दोन्ही देश एका तासात समजतात.

न्यायालयीन पुनर्विलोकन मार्बरी खटल्यावर सोडून द्यायचे कारण नाही. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांतल्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावर निकाल दिला. एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत हवे, असे बजावले. त्यामुळे धुळ्यासह सहा जिल्हा परिषदांतल्या निवडून आलेल्या सदस्यांच्या जागा रिकाम्या झाल्या आणि ५ ऑक्टोबर २०२१ ला पोटनिवडणूक झाली. गावातल्या मुलांनी ज्यांचा प्रचार पाहिला त्यांचे सदस्यत्व दिल्लीतल्या एका निकालाने गेले. एवढा जवळचा धडा हाताशी असताना आपण १८०३ वर थांबतो.

सगळे प्रश्न जमिनीपाशी येतात

नरडाणा परिसरात प्रशासन सर्वांत जवळून दिसते ते भूसंपादनात. औद्योगिक वसाहत झाली. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या आराखड्यात धुळे-नरडाणा हा गुंतवणूक विभाग म्हणून नोंदला गेला. बोरविहीर ते नरडाणा हा नवा लोहमार्ग धुळ्यावरून येतो आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला १८,०३६ कोटींची मंजुरी दिली. प्रत्येक प्रकल्पाच्या मागे संयुक्त मोजणी, पंचनामा, निवाडा आणि वाढीव मोबदल्याची तारीख-पे-तारीख असते.

अमेरिकेच्या घटनेची पाचवी दुरुस्ती सांगते की सार्वजनिक कामासाठी जमीन घ्या, पण वाजवी मोबदला द्या. २००५ मध्ये न्यू लंडन शहराच्या केलो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की आर्थिक विकासासाठी खासगी प्रकल्पाकडे जमीन गेली तरी ते सार्वजनिक काम ठरू शकते. लोक खवळले आणि चाळीसहून जास्त राज्यांनी आपापले कायदे बदलले. ज्या प्रकल्पासाठी घरे पाडली तो पुढे बारगळला. आपल्याकडे मालमत्तेचा मूलभूत हक्क ४४ व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये गेला. उरला तो कलम ३००-अ चा घटनात्मक हक्क. १८९४ चा जुना कायदा जाऊन २०१३ चा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, आणि त्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या वर गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम दिली.

कायदा सुधारला म्हणून कारभार सुधारतोच असे नाही, हे शिंदखेडा तालुक्याने पाहिले आहे. विखरण येथील ८४ वर्षांचे धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी गेली. मोबदला चार लाखांच्या आसपास. शेजारच्या जमिनींना कितीतरी जास्त मिळाल्याची त्यांची तक्रार होती. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात जीव द्यायचा प्रयत्न केला आणि २८ जानेवारीला ते गेले. मग फेरमूल्यांकनाची चक्रे फिरली. जिरायत की बागायत, झाडे किती, विहीर कागदावर आली का, हे पंचनाम्यात कोण लिहितो, कोणासमोर लिहितो आणि चुकले तर किती दिवसांत दुरुस्त होते? मिलवॉकीच्या मैदानांवर सायमन यांना जे दिसले ते इथेही दिसेल. प्रत्येक टेबलाला आपला कागद बरोबर वाटतो. सगळे कागद जोडल्यावर अन्याय उभा राहतो आणि तो कोणी केला ते सांगता येत नाही.

अभ्यास करायचा तो काय

साहित्य कमी नाही. गावाच्या महसुली दप्तरात १ ते २१ गावनमुने आहेत. सात आणि बारा हे त्यातलेच दोन. ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने आहेत. नमुना ८ मध्ये कराची आकारणी, नमुना ९ मध्ये मागणी. ही दोन पाने शेजारी ठेवून पाच वर्षांची मागणी आणि वसुली लिहून काढली, तर गावात कोणाच्या वाड्याची आकारणी किती जुनी आहे आणि कोणत्या गल्लीची थकबाकी माफ होत राहते, हे आपोआप पुढे येते. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ कार्यालयांना न मागता माहिती उघड करायला सांगते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरले आहे. दाखल्यांच्या अर्जावरची तारीख आणि दाखल्यावरची तारीख जुळवणे एवढेही एखाद्या गटाचे सत्राचे काम होऊ शकते.

अडचणी आहेत. अनेक महाविद्यालयांत राज्यशास्त्र तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या खांद्यावर आहे. मुले एसटीच्या वेळेवर येतात-जातात. ग्रामपंचायतीत वही मागायला गेलेल्या मुलाला ‘कोणाच्या पार्टीचा रे तू?’ असे विचारले जाते, कारण गावात हिशेब मागणे म्हणजे राजकारणच. म्हणून विद्यार्थ्याला एकटे धाडून चालणार नाही. महाविद्यालयाचे पत्र, ठरलेला नमुना आणि नावे न छापण्याची शिस्त हवी. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्पाला गुण ठेवले आहेत. ते गुण बहुतेक ठिकाणी जुनी फाईल नव्या मुखपृष्ठात बांधून मिळवले जातात. तेच गुण दप्तराच्या अभ्यासाला द्यायला जास्तीचा पैसा लागत नाही.

शिंदखेडा, शिरपूर, साक्री, धुळे या तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी आपापल्या पाच-दहा गावांचे असे अभ्यास पाच वर्षे नेमाने केले, तर जिल्ह्याच्या कारभाराचा असा साठा तयार होईल जो आज कोणत्याही सरकारी खात्याकडेही एका जागी नाही. त्यावर लिहिलेले मराठी पाठ्यपुस्तक विल्सन आणि सायमन यांना वगळणार नाही; ते त्यांना नरडाण्याच्या उदाहरणाने समजावेल. त्या पुस्तकावर शिकलेली मुलगी तलाठी झाली तर तिला पंचनाम्यातल्या एका रकान्याची किंमत कळलेली असेल, आणि झाली नाही तरी ग्रामसभेत नमुना ९ मागण्याइतके तिला नक्की येईल.